चिनी शिकून सीमेवर काय उपयोग? एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी विचारते: जर्मनच्या दोन पायऱ्या झाल्या आहेत, पण आता चिनी शिकावंसं वाटतं. देशाच्या सुरक्षेच्या कामात त्याचा खरोखर उपयोग होतो का? किती वर्षं लागतील? आणि फोनवर भाषांतर होत असताना माणसं लागतात तरी कशाला?

उपयोग होतो. पण अर्धवट आलेली चिनी ही मुळीच न येणाऱ्या चिनीपेक्षा जास्त त्रास देते. ज्याला येत नाही तो दुभाष्याला विचारतो. ज्याला थोडी येते तो विचारत नाही, ठोकून देतो. त्यामुळे शिकायचं तर पार शेवटपर्यंत, नाहीतर जर्मनमध्येच पुढे जा. पुण्यात जर्मनवाल्यांना कामाची कमी नाही.

आधी एका वाक्याला किती किंमत असते ते पाहा. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये, म्हणजे आताच्या बीजिंगमध्ये, तिबेटबरोबरच्या व्यापाराबद्दलचा भारत-चीन करार झाला. आपण त्याला पंचशील करार म्हणतो. तो हिंदी, चिनी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहे आणि तिन्ही पाठ सारखेच ग्राह्य आहेत. त्यात शिपकी ला, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख या सहा खिंडींची नावं आहेत. चीनच्या मूळ मसुद्यात 'चीन सरकार पुढील खिंडी खुल्या करण्यास संमती देत आहे' अशा अर्थाचं वाक्य होतं. भारताने हरकत घेतली, कारण संमती देतो तो मालक. शेवटी 'दोन्ही देशांचे व्यापारी आणि यात्रेकरू पुढील खिंडींतून प्रवास करू शकतील' असं वाक्य ठरलं. या एका क्रियापदावरून पुढे १९६० साली दोन्हीकडचे अधिकारी परत भांडले. खिंडींची नावं आली म्हणजे सीमा मान्य झाली, असं आपण म्हणत होतो. चिनी म्हणत होते, इथे सीमेचा विषयच नव्हता.

त्याच करारावरची शाई वाळते न वाळते तोच, १७ जुलै १९५४ ला चीनचा निषेध आला, की भारतीय सैनिक 'वू-जे' भागात शिरले आहेत. आपल्या कागदांत वू-जे कुठेच नव्हतं. होतं ते बाराहोती, आताच्या उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातलं उन्हाळी कुरण. दोन्ही नावं एकाच जागेची आहेत का, ती जागा तुनजुन ला खिंडीच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, यावर पत्रव्यवहार चालूच राहिला. १९५८ मध्ये या एका कुरणासाठी दिल्लीत वेगळी बोलणी झाली. भाषेची माणसं लागतात ती अशा ठिकाणी.

ठिकाणांच्या नावांचा घोळ आजही तितकाच जिवंत आहे. तिबेटी नाव आधी चिनी अक्षरांत बसवतात, मग त्या अक्षरांचं रोमन लिपीत 'फिन्यिन' होतं, आणि ते रोमन आपण इंग्रजी समजून वाचतो. तीन गाळण्यांतून गेलेलं पाणी. शिगात्सेचं चिनी नाव 'रिखात्स', ङारीचं 'आली', चुंबी खोऱ्याचं 'यातुंग', डोकलामचं 'तुंगलांग'. तवांगच्या उत्तरेला जे त्सोना आहे, ते फिन्यिनमध्ये सी अक्षराने सुरू होतं आणि आपल्याकडचे वृत्तनिवेदक त्याला बिनदिक्कत 'कुओना' म्हणतात. मग एकाच गावाच्या दोन वेगळ्या नोंदी तयार होतात. शिवाय चीन अरुणाचलातल्या ठिकाणांना आपली नावं देत असतो: २०१७ मध्ये ६, २०२१ मध्ये १५, २०२३ मध्ये ११, २०२४ मध्ये ३०, २०२५ मध्ये २७. या नावांची यादी पाठ करायची गरज नाही. प्रत्येक नावासमोर आपलं नाव, तिबेटी नाव आणि अक्षांश-रेखांश असा तक्ता मात्र पहिल्या महिन्यापासून ठेवायचा. नकाशावर बोट ठेवून जे सांगता येत नाही, ते भाषांतर पूर्ण झालेलं नसतं.

आता उच्चार. इथे मराठी माणसाला एक फुकटचा फायदा आहे आणि तो बहुतेक जण घालवतात. फिन्यिनमधला बी म्हणजे ब नव्हे, तो आपला 'प' आहे. पी म्हणजे 'फ', तोही ओठ मिटून काढलेला. डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ', जी म्हणजे 'क', के म्हणजे 'ख'. अल्पप्राण-महाप्राण हा भेद इंग्रजी माणसाला महिनोन्‌महिने कळत नाही, आपण तो बालवाडीत शिकतो. त्यातही 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च वेगळे, हे हिंदीवाल्याला समजावून सांगावं लागतं. फिन्यिनचा झेड हा 'चमचा'तला च आणि जे हा जवळपास 'चहा'तला. सी म्हणजे तोच चमच्यातला च, पण श्वास जोरात सोडून. म्हणून सुरुवातीचे तीन महिने उच्चार देवनागरीत लिहा, रोमनमध्ये नको. एवढं केलं की निम्मे दोष लागतच नाहीत. सुरांचं मात्र देवनागरीत काही नाही. ते कानानेच बसवावे लागतात. 'माइ' खाली जाऊन वर आला तर विकत घेणं, सरळ खाली आपटला तर विकणं. सूर शब्दागणिक पाठ करू नका, दोन-दोन शब्दांच्या जोड्यांत करा. सुटा शब्द बोलताना सूर बरोबर येतो, वाक्यात गेला की घसरतो.

आकडे हा दुसरा सापळा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चिनी मोजणी हजारानंतर 'वान', म्हणजे दहा हजार, यावर जाते आणि पुढे 'यी', म्हणजे दहा कोटी. आपल्या डोक्यात लाख-कोटी, अहवालात इंग्रजी मिलियन, समोर वान. तीन पद्धतींच्या रस्सीखेचीत एक शून्य कुठेतरी गळतं. ३५ वान म्हणजे साडेतीन लाख. 'सान वान वू' ऐकलं की नवखा ३०,००५ लिहितो. ते ३५,००० असतात, कारण शेवटचा आकडा लगेच खालच्या घरातला धरायचा. 'ली' म्हणजे अर्धा किलोमीटर, 'कुंग-ली' म्हणजे किलोमीटर. ऐकताना 'कुंग' निसटलं तर अंतर निम्मं होतं, आणि ली हाच किलोमीटर समजला तर दुप्पट. कायद्याच्या आणि नियमांच्या मजकुरात 'यी-शांग', म्हणजे 'च्या वर', लिहिलेलं असलं तरी तो आकडा त्यात धरलेला असतो. 'तीन माणसांच्या वर' म्हणजे तीन किंवा अधिक.

बिनतारी संदेशांत तर आकडेच बदलतात. एक 'यी' आणि सात 'छी' कानाला जवळचे, सहा 'ल्यू' आणि नऊ 'च्यू' त्याहून जवळचे. म्हणून चिनी सैन्यात शून्याला 'तुंग', एकाला 'याव', दोनाला 'ल्यांग', साताला 'क्वाइ' आणि नवाला 'कोउ' म्हणतात. वर्गात शिकवलेले आकडे ऐकायला बसलेला माणूस पहिल्याच संदेशाला गोंधळतो. ही यादी दहा मिनिटांत पाठ होते. पण कोणीतरी ती सांगावी लागते आणि नेहमीच्या भाषावर्गात कोणी सांगत नाही.

सैन्याचे शब्दही तसेच. 'थ्वान' हा शब्द कोशात 'रेजिमेंट' असा मिळतो. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट. तिच्या अनेक पलटणी देशभर विखुरलेल्या असतात आणि ती अख्खी एका जागी कधी लढत नाही. चिनी थ्वान मात्र एका कमांडरच्या हाताखालची, काही बटालियनची लढाऊ तुकडी. मराठीत सरळ 'रेजिमेंट' लिहिलं तर वाचणारा अधिकारी वेगळंच चित्र उभं करतो. 'ता-श्याव' हा हुद्दा शब्दशः 'मोठा कर्नल'. तो कर्नलच्या वर आणि मेजर जनरलच्या खाली येतो, म्हणजे आपल्या ब्रिगेडिअरच्या जागी. बैठकीत कोणासमोर कोण बसणार हे यावर ठरतं. आणि तुकडीत कमांडरच्या बरोबरीचा एक राजकीय अधिकारी, 'चंग-वेइ', असतो. तो गप्प बसलेला दिसला तरी त्याला दुय्यम समजू नये. संस्कृती समजणं म्हणतात ते असलं काहीतरी. काड्यांनी जेवता येणं आणि चहाचे प्रकार माहीत असणं याला फारशी किंमत नाही.

खरी किंमत ठरलेल्या शब्दांच्या चढणीला आहे. चीनचं परराष्ट्र खातं आणि कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र 'पीपल्स डेली' शब्द मोजून वापरतात: 'चिंता', मग 'गंभीर चिंता', मग 'नापसंती', मग 'तीव्र नापसंती', मग 'निषेध'. दोन देशांची बोलणी 'मोकळी' झाली असं छापून आलं की भांडण झालं, असं समजा. या चढणीच्या टोकाला एक जुना वाक्प्रचार आहे, 'वू वेइ येन च पू यू'. अर्थ: मग म्हणू नका आधी सांगितलं नव्हतं. मराठीत तो सोसायटीच्या पाणी बंद होण्याच्या नोटिशीसारखा वाटतो, आणि नेमका इथेच कोश फसवतो. तो 'पीपल्स डेली'त २२ सप्टेंबर १९६२ ला भारताला उद्देशून आला आणि २० ऑक्टोबरला हल्ला झाला. २५ डिसेंबर १९७८ ला व्हिएतनामला उद्देशून आला आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये युद्ध झालं. मे २०१९ मध्ये अमेरिकेला उद्देशून दुर्मीळ खनिजांच्या वादात आला, तेव्हा युद्ध झालं नाही. म्हणजे हा वाक्प्रचार दिसला की तोफा सुटणारच, असा हिशेब करता येत नाही. पण तो कोणी वापरला, कुठल्या पानावर, याआधी केव्हा वापरला, हे टिपणात नसेल तर केवळ अर्थ लिहून पाठवणाऱ्याने काम अर्धंच केलं.

उलट बाजूने हाच खेळ कसा चालतो याचा नमुना म्हणजे एप्रिल २००१. अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची हवेत टक्कर झाली, चिनी वैमानिक गेला आणि २४ अमेरिकी कर्मचारी हायनान बेटावर अडकले. चीनला हवा होता शब्द 'ताव-छ्येन', म्हणजे चूक कबूल करून माफी. अमेरिकेने पत्रात 'फार वाईट वाटतं' एवढंच लिहिलं. चिनी वृत्तपत्रांनी ते 'शन-प्याव छ्येन-यी', म्हणजे मनापासून दिलगिरी, असं छापलं. घरच्या वाचकाला माफी मिळाली, वॉशिंग्टनला ती द्यावी लागली नाही, आणि माणसं सुटली. दोन भाषांमधली फट दोन्हीकडच्या जाणकारांनी जाणूनबुजून वापरली. ती बुजवायला निघालेल्या हुशार भाषांतरकाराने इथे घोटाळाच केला असता.

वेळेचं बोलायचं तर अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषकाला चिनी कामापुरती येण्यासाठी ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २,२०० तास धरते. मॉन्टेरे इथल्या त्यांच्या लष्करी भाषाशाळेत मूळ अभ्यासक्रम ६४ आठवड्यांचा आहे, तोही दिवसभराचा. तुम्ही कॉलेज सांभाळून आठवड्याला १० तास दिले, वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर वर्षाला ४८० तास होतात. म्हणजे साडेचार वर्षांहून थोडं जास्त. लष्कराने २०२३ मध्ये तेजपूर विद्यापीठाशी १६ आठवड्यांच्या चिनी अभ्यासक्रमाचा करार केला. तो उत्तम आहे, पण तेवढ्यात माणूस समोरच्याशी दोन वाक्यं बोलू शकतो, मसुदा वाचू शकत नाही. हे दोन वेगळे धंदे आहेत.

घसरगुंडी कुठे होते ते सांगतो. साधारण ६०० तासांशी. एव्हाना हजारभर अक्षरं ओळखीची झालेली असतात आणि उरलेलं अंदाजाने भरायची सवय लागते. 'छा-त्यार' म्हणजे 'जवळजवळ'. 'छा-त्यार पडला' आणि 'छा-त्यार नाही पडला' या दोन्हींचा अर्थ 'पडता पडता वाचला' असाच होतो. अंदाजपंचे वाचणारा दुसऱ्या वाक्यात माणसाला पाडतो. या टप्प्यावर नवीन शब्द कमी करा आणि रोज एका छोट्या बातमीचं शब्दन्‌शब्द भाषांतर करा. अडलेल्या जागी अंदाज न लिहिता कंस रिकामा ठेवा. आठवड्याच्या शेवटी रिकामे कंस मोजा. ते कमी होत गेले तर प्रगती आहे. एच-एस-के या चिनी भाषेच्या प्रमाण परीक्षेची जुनी सहावी पायरी सुमारे ५,००० शब्दांची. २०२१ च्या नव्या मापात नऊ पातळ्या आणि ११,०९२ शब्द आहेत. सुरक्षेच्या वाचनासाठी जुनी सहावी ही सुरुवात समजा.

तैवानला शिष्यवृत्तीवर जाणार असाल तर जरूर जा, शिकवतात छान. पण तिथली अक्षरं पारंपरिक आहेत, मुख्य भूमीवरची सरलीकृत. शब्दही फिरतात: क्षेपणास्त्र तैवानात 'फेइ-तान', चीनमध्ये 'ताव-तान'. लेझर तिथे 'लेइ-श', इकडे 'ची-क्वांग'. परतल्यावर सहा महिने फक्त मुख्य भूमीचा मजकूर वाचा. सीमेवर गस्त समोरासमोर आली की परत जा असं सांगणारे फलक धरले जातात. त्यावर पारंपरिक अक्षरं छापली, किंवा फॉन्ट नसल्यामुळे अक्षराच्या जागी रिकामा चौकोन आला, तर समोरच्याला हसू येतं आणि फलकाचं वजन जातं. छपाईआधी प्रत्येक अक्षर मोठं करून दुसऱ्या माणसाने तपासायचं.

बैठकीतलं दुभाषीपण आणखी वेगळं. लडाखच्या सीमेवर चुशुल-मोल्डो इथे ६ जून २०२० पासून कोअर कमांडर पातळीवरच्या ज्या फेऱ्या झाल्या, त्यातल्या काही दहा तासांच्या पुढे गेल्या, आणि उंची चार हजार मीटरच्या वर. रिवाज असा, की प्रत्येक बाजूचा दुभाषी आपल्या बाजूचं बोलणं परक्या भाषेत नेतो. म्हणजे तुमचं मुख्य काम चिनीत बोलण्याचं. समोरच्याचं त्यांचा माणूस इंग्रजीत आणतो. पण आपला दुसरा माणूस ते ऐकत बसलेला हवा, आणि त्याने फक्त फरक टिपायचे. बोलताना 'ते म्हणतात' नाही, थेट 'मी'. कडक शब्द मऊ करायचा नाही आणि मऊ शब्दाला धार लावायची नाही. वहीत वाक्यं लिहीत बसलात तर मागे पडाल. कोण, काय, किती, केव्हा आणि नकार आहे का, या पाचच गोष्टी खुणांनी, पानावर वरून खाली. आकडा आणि ठिकाण आलं की बोलणाऱ्याला तिथेच थांबवून परत विचारायला लाजू नका. 'येन-च्यू येन-च्यू', म्हणजे 'अभ्यास करू', हे उत्तर होकार म्हणून नोंदवू नका. बहुतेक वेळा तो सभ्य नकार असतो. 'तत्त्वतः मान्य' ऐकलं की अपवाद पुढच्या वाक्यात येणार आहे, पेन खाली ठेवू नका. इतिवृत्त त्याच रात्री. सकाळपर्यंत आठवणीत आपल्याला सोयीचा शब्द जाऊन बसतो.

यंत्रभाषांतराबद्दल. दोनशे चिनी निविदा सूचनांतून पाच कामाच्या वेगळ्या काढायला ते बेफाम चांगलं आहे. समजा, एका तालुक्याच्या पातळीवरची बांधकाम सूचना आहे. त्यात 'अतिथंड उंच प्रदेश', 'प्राणवायू पुरवठा' आणि 'बराकी' असे तीन शब्द एकत्र दिसले, खाली खरेदीदाराचं नाव न देता पाच आकडी तुकडी क्रमांक असला, की ती बाजूला काढायची. इथपर्यंत यंत्र. ती किती माणसांसाठी, पूर्ण कधी होणार, 'दुरुस्ती' आहे की 'नवीन', हे माणसाने मूळ मजकुरातून वाचायचं. यंत्र चार ठिकाणी हमखास दगा देतं: नावं, वानमधले आकडे, दुहेरी नकार आणि वर सांगितलेली शब्दांची चढण. त्याला वाक्य गुळगुळीत करायची हौस असते, आणि आपल्याला हवा असतो तो खडबडीतपणा. गोपनीय कागद सार्वजनिक अॅपमध्ये टाकला तर तो परक्या संगणकाला देऊन टाकला, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण लोक टाकतात.

एक गोष्ट कोणी विचारत नाही: तिबेटी. सीमेपलीकडचा गुराखी, पाड्याचं नाव, मठातलं बोलणं चिनीत नाही. चिनी शिकणारे शेकडो सापडतील, दोन्ही येणारे हाताच्या बोटांवर. चिनीचे १,५०० तास झाल्यावर तिबेटी लिपी सुरू करा. ती ब्राह्मीच्याच कुळातली असल्याने अक्षरओळख देवनागरीवाल्याला आठवड्याभरात होते. स्पेलिंग आणि उच्चारातलं अंतर मात्र घाम काढतं.

वाटा कोणत्या? संरक्षण मंत्रालयाची दिल्लीतली परदेशी भाषा शाळा १९४८ पासून आहे. शांतिनिकेतनचं चीना भवन १९३७ पासून, आणि जेएनयूत पूर्ण पदवी करता येते. परराष्ट्र सेवेत गेलात तर परदेशी भाषा नेमूनच देतात. भारत-तिबेट सीमा पोलीस आपल्या जवानांना चिनी शिकवतात आणि प्रादेशिक सेनेने चिनीचे जाणकार घेतले आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमुळे भाषा शिकायची सवय जुनी आहे, पण चिनीसाठी कधीतरी गाव सोडावंच लागेल. अर्ज कुठेही करा, पार्श्वभूमीची तपासणी होणारच. त्यामुळे आजपासून एक साधी वही घाला: कुठली शिष्यवृत्ती, कोणी दिली, कोणत्या तारखांना परदेशात, ऑनलाइन भाषामित्र कोण आणि ओळख कशी झाली. समाजमाध्यमावर एखादी अनोळखी 'सल्लागार कंपनी' भारताच्या धोरणावर छोटे लेख लिहायला चांगले पैसे देऊ करील. पहिले दोन लेख वर्तमानपत्रातून लिहिता येण्यासारखे असतात, तिसऱ्याला ती 'आतली माहिती' मागते. पहिल्यालाच नाही म्हणा, आणि तो संदेश पुसून टाकू नका, तारखेसह त्या वहीत नोंदवा.